आईच्या आठवणी गोळा करायच्या तर घराबाहेर पडा

आमच्या आईची पुस्तिका वर्षश्राद्धाला वाटली, तेव्हापासून ओळखीतले लोक विचारत असतात, "आम्हालाही आईचं, आजीचं असं काहीतरी करायचंय. सुरुवात कुठून करायची?" फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून ठेवते. माझी नोकरी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात झाली. नोंद, तारीख आणि पावती यांची सवय होती, ती या कामात फार उपयोगी पडली.

आई पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात नांदली. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. तिचं माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडच्या बाजूचं. तिथं उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी विहिरीवर रात्र काढावी लागायची. अशी मुलगी लग्न होऊन मोठ्या नदीच्या काठावर आली, पोहायला शिकली आणि पुढं गावातल्या कितीतरी पोरींना, सुनांना तिनं पाण्यात उतरवलं. लुनावरून तासगावला जाऊन बालवाडीसाठी पाट्या-खडू आणले. दारूचं दुकान बंद करायला सह्या गोळा केल्या. साठी उलटल्यावर महिला मंडळाला घेऊन वासोट्याचा किल्ला चढली.

यातलं निम्मं आम्हा लेकरांना ती गेल्यावर कळलं. मुलांना आई दिसते ती चुलीपाशी, दुखण्यात उशापाशी, परीक्षेच्या वेळी दारात. तिनं जिथं हिंमत केली तिथं आपण नव्हतो, दुसरं कुणीतरी होतं. म्हणून आठवणी गोळा करायला भावंडांच्या बैठकीतून सुरुवात करू नका. घरच्यांच्या आठवणी कुठं जात नाहीत. बाहेरच्यांच्या जातात, कारण ती माणसंही वयाची झालेली असतात.

आधी फोन

पहिलं काम अगदी रुक्ष आहे, पण ते उशीर सोसत नाही. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि तो नंबर पुढं दुसऱ्या कुणाला दिला जातो. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस पडून राहिलं तर पुसलं जातं. तेराव्यापर्यंत कुणी याचा विचार करत नाही, करूही नये. पण त्यानंतर लगेच तिचा फोन चार्जिंगला लावा आणि नंबर चालू ठेवा. मृत्यूचा दाखला दाखवून नंबर वारसाच्या नावावर करून घेता येतो.

मग तिच्या फोनमधली एकेक गप्पांची खिडकी उघडून 'चॅट एक्स्पोर्ट' करा, आणि विचारेल तेव्हा 'मीडियासह' निवडा. अक्काला टाइप करायचा कंटाळा, त्यामुळं तिचे सगळे निरोप आवाजातच असायचे. "पावटा निवडून ठेवलाय, येताना डबा आण." "बायांनो, उद्या बैठकीला उशीर करू नगा." या फायली 'ओपस' प्रकारच्या असतात, काही संगणकांवर उघडत नाहीत. एमपीथ्री करून घ्या, पण मूळ फाईल पुसू नका. प्रत्येक फाईलला नाव देताना आधी तारीख, मग कुणाला पाठवला, मग विषय, असा एकच क्रम ठेवा. तिनं ज्यांना निरोप पाठवले त्यांच्या फोनमध्येही ते असतात, तेही मागून घ्या. मंडळातल्या बायकांनी आम्हाला जे पाठवलं ते आमच्याकडं होतं त्यापेक्षा जास्त निघालं.

तो आवाज ऐकवत नसेल तर ऐकू नका. सुनेला, भाच्याला, ज्याला जमेल त्याला हे काम द्या. मला स्वतःला ते निरोप सलग ऐकायला बराच काळ लागला, आणि त्यात काही बिघडलं नाही, कारण ते जपलेले होते.

दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक घर असं हवं जिथं पुराचं पाणी चढत नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा असतो, ४५ वर धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. तळमजल्यावरच्या कपाटात दोन्ही प्रती ठेवून चालणार नाही.

माणसांची नव्हे, जागांची यादी

वही घ्या आणि नातेवाइकांची नावं लिहायचा मोह टाळा. जागा लिहा. आमच्या वहीत पहिल्या पानावर होतं: घाट, होडी, बालवाडी, पिठाची गिरणी, एसटी स्टँड, पोस्ट, डेअरी, मिरजेचा दवाखाना, माहेरची शाळा, म्हसवडची यात्रा. मग प्रत्येक जागेपुढं, तिथं तिला पाहिलेलं कोण कोण हयात आहे ते लिहायचं. अशी यादी केली की जी नावं कधीच सुचली नसती ती वर येतात.

भेटायला जाताना जवळच्या-लांबच्याचा क्रम लावू नका, वयाचा लावा. सगळ्यात थकलेलं माणूस आधी. एक मावशी ऐंशीच्या पुढं, ऐकायला कमी यायचं, तिच्याकडं आम्ही सगळ्यात आधी गेलो. पोहायचं तिच्याकडूनच कळलं. लग्नानंतर माहेरी आल्यावर अक्कानं तिला सांगितलं होतं, की शेजारची एक म्हातारी पहाटे घाटावर नेते, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधते, आणि काष्टा घट्ट करून पाण्यात ढकलते. सासूला सांगायचं काय, तर काकडआरतीला जाते. मावशी सांगत होती, "आमच्या गावात वढ्याला पाणी आलं तरी पोरं बघाय जायची. आन् ही नदीत! मला वाटलं, थापा मारतीया."

होडीवाल्या मामांचं नाव आमच्या यादीत 'होडी' लिहिल्यावरच आलं. पूल व्हायच्या आधी पल्याड जायला होडीच होती. मामा म्हणाले, एकदा अडलेल्या बाईला पल्याड न्यायचं होतं, पाणी चढत होतं, त्यांनी नकार दिला. अक्का त्या बाईला धरून होडीत जाऊन बसली आणि म्हणाली, "मामा, तुमी नाय वल्हवलं तर मी वल्हवते. पर मग होडी कुठं लागंल ते सांगता यायचं नाय." मामांनी वल्हं उचललं. हे घरात कधीच कुणाला माहीत नव्हतं. ती बाई, तिचा तो मुलगा, दोघंही आज आहेत. त्यांनाही भेटलो.

यादीत एक जागा भांडणाची ठेवा. जिच्याशी तिचं पटलं नाही, जिच्या विरोधात ती उभी राहिली, अशांकडंही जा. दारूबंदीच्या मतदानाला आपल्याकडं उभी बाटली-आडवी बाटली म्हणतात. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांची मागणी लागते, आणि मतदानात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी 'आडवी'वर, म्हणजे दुकान बंदच्या बाजूनं, शिक्का मारावा लागतो. नुसत्या आलेल्या मतांपैकी निम्म्या चालत नाहीत, म्हणून घरात बसलेली प्रत्येक बाई बाहेर काढावी लागते. अक्कानं त्यासाठी गाव पिंजून काढलं होतं. दुकान ज्यांचं होतं त्यांच्या मुलाकडं आम्ही बिचकतच गेलो. त्यांनी चहा दिला आणि सांगितलं, "सह्या मागाय त्या पहिल्यांदा आमच्याच घरी आल्या. माझ्या आईची सही घ्यायला. आन् आईनं केली." एवढंच बोलले. पुस्तिकेतलं ते सगळ्यात लहान पान आहे, आणि लोकांनी सगळ्यात जास्त वेळा त्याच पानाबद्दल मला विचारलं.

काय विचारायचं

"अक्का कशा होत्या?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं येतं: फार मायाळू, कुणाला दुखवलं नाही, सगळ्यांसाठी झिजल्या. सांगणारं माणूस मनापासून सांगत असतं, पण हेच शब्द कुठल्याही श्रद्धांजलीच्या फलकावर बसतात. वस्तू, हात, पाय, जागा विचारा. तुमच्या घरी आली की कुठं बसायची? पिशवीत काय असायचं? रागावली की काय करायची? पैसे कुठं ठेवायची? तुम्ही दोघींनी मिळून घरच्यांना न सांगता काय केलं? शेवटचं भांडण कशावरून झालं? तिला कशाची भीती वाटायची?

पिशवीच्या प्रश्नानं आमच्याकडं दारच उघडलं. एकीनं सांगितलं नायलॉनची दोरी, दुसरीनं शिट्टी, तिसरीनं मीठ-साखरेची पुडी, चौथीनं मंडळाचं रजिस्टर. दोरी कशाला, असं विचारलं तेव्हा २००५ च्या पुरानंतरची गोष्ट निघाली. पूर ओसरल्यावर तिनं ठरवलं होतं, की गावात पोहता न येणारी पोरगी ठेवायची नाही. उन्हाळ्यात विहिरीवर शिकवणी सुरू झाली. दोरीचं एक टोक मुलीच्या कमरेला, दुसरं अक्काच्या हातात. पुढं तीच दोरी आणि तीच शिट्टी २०१९ मध्ये म्हाताऱ्या माणसांना ट्रॅक्टरमध्ये चढवताना वापरली गेली. तेव्हा ती स्वतः पंच्याहत्तरीच्या पुढं होती, आणि घरातून शेवटच्या फेरीत निघाली.

माझा आवडता प्रश्न सांगते: "त्या दिवशी तिच्या पायात काय होतं?" माणूस डोळे मिटतो आणि आख्खा दिवस दिसायला लागतो. वासोट्याचं मला फक्त एवढंच माहीत होतं, की त्या गेल्या होत्या. पायाचा प्रश्न विचारला आणि मंडळातल्या दोघी एकदमच बोलायला लागल्या. साडीखाली कॅनव्हासचे बूट, तेही माझ्या भावाचे जुने, पुढं कापूस कोंबलेला. बामणोलीला वनखात्याची परवानगी काढली, शिवसागराच्या पाण्यातून लाँचनं पलीकडं गेल्या, मग कोयना अभयारण्यातली ती दाट झाडी. संध्याकाळच्या आत परत यावं लागतं, रात्री राहता येत नाही. निम्म्या वाटेवर दोघींनी बसकण मारली, तर अक्का म्हणाली, "बसा. पर वरनं कोकण दिसतंय, ते मी काय घरी येऊन सांगणार नाय." दोघी उठल्या. गडावरून जावळीचं रान आणि पश्चिमेला कोकणाची बाजू बघत त्यांनी भाकरी सोडली.

रेकॉर्डिंग साध्या फोनवर करा, वेगळ्या यंत्राची गरज नाही. पंखा बंद, टीव्ही बंद, फोन विमान मोडवर. तो थेट टेबलावर न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे कपाचा आणि बांगड्यांचा आवाज घुमत नाही. सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव तुम्ही म्हणा, आणि "रेकॉर्ड करते, चालेल ना?" हे विचारून त्यांचं "चालंल" रेकॉर्डमध्येच येऊ द्या. पहिल्यांदा एकेकट्याला भेटा. चारचौघांत सगळे एकाच गोष्टीला मान डोलावतात. एकेकीचं ऐकून झालं की मग दोघींना एकत्र बसवा, तेव्हा त्या एकमेकींचं खोडून काढतात आणि फार कामाचं निघतं. कुणी गप्प झालं तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. म्हातारं माणूस आठवत असतं. आणि परत एकदा जाच. आम्हाला पहिल्या भेटीपेक्षा दुसऱ्या भेटीत, आणि बसून बोलण्यापेक्षा निरोप घेताना उंबऱ्यात, जास्त मिळालं. म्हणून चप्पल घालेपर्यंत रेकॉर्डिंग बंद करू नका.

त्याच रात्री ऐकून, कितव्या मिनिटाला काय आहे ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवसावर टाकलं की राहतंच. आणि उतरवून काढताना "नगा"चं "नका" करू नका. "हिकडं", "म्हंजे", "करायलाय" जसंच्या तसं लिहा. शुद्धलेखनाचे नियम तुमच्या मजकुराला लावा, त्यांच्या बोलण्याला नको.

सालं जुळवायची युक्ती

आमच्याकडच्या बायका साल सांगत नाहीत. कसली तरी खूण सांगतात. त्यामुळं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचा लांब पट्टा चिकटवा, भिंतीवर लावा, आणि वरच्या ओळीत सगळ्यांना आठवतात अशा घटना पक्क्या तारखांसह लिहा. आमच्या पट्ट्यावर कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. १९७२ चा दुष्काळ. जून १९७५ ची आणीबाणी. इंदिरा गांधी गेल्या तो ३१ ऑक्टोबर १९८४. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते ती पहाट. गणपती दूध प्यायला तो २१ सप्टेंबर १९९५. आणि २००५, २०१९, २०२१ चे तीन पूर. तुमच्या गावच्या खुणा वेगळ्या असतील: पूल झाला, वीज आली, कारखान्याचा पहिला गळीत हंगाम.

मग खालच्या ओळीत तिचं आयुष्य अडकवायचं. मावशी म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या आधल्या उन्हाळ्यात ती पवायला शिकली." म्हणजे १९६७ चा उन्हाळा. बालवाडीच्या एका विद्यार्थिनीला आठवत होतं, की इंदिराबाई गेल्याच्या दिवशी अक्कानं मुलांना एकेक करून घरी पोचवलं. म्हणजे बालवाडी त्याच्या आधीची. आणि लुना कधी घेतली यावर आमच्यात वाद होता, तो गिरणीवाल्या काकांनी मिटवला: गणपतीला दूध पाजायला लोकांनी देवळात रांग लावली होती, आणि अक्का दुधाची किटली लुनाला अडकवून बालवाडीकडं निघाली होती. पोरांचं दूध पोरांनाच मिळालं पाहिजे, म्हणून. लुना १९९५ ला होती एवढं पक्कं.

७२ च्या दुष्काळाचं तर एक आख्खं प्रकरण झालं. माणमधले तिचे भाऊ खडी फोडायच्या कामावर होते, पोरांना सुकडी मिळायची. दुष्काळी कामांच्या त्या काळात ज्यांचं नाव रोजगार हमीशी कायमचं जोडलं गेलं ते वि. स. पागे आमच्या तासगाव तालुक्यातले, म्हणून ही गोष्ट इकडच्यांना जवळची वाटते. अक्का कडेवर मला घेऊन, एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून माहेरी गेली होती. मधे गाडी बदलायची, दोन ठिकाणी हमाल शोधायचा. मी कडेवर होते, म्हणजे हे कधीचं, ते माझ्या जन्मतारखेवरून काढलं. लेकरांची वयं ही सगळ्यात भरवशाची खूण: "धाकटा पोटात होता", "थोरला रांगत होता" असं काही ऐकलं की लगेच हिशेब मांडा.

दोन माणसं दोन सालं सांगत असली आणि जुळत नसलं, तर दोन्ही छापा, कोण काय म्हणतं ते लिहून.

कागद

शाळेत आईचं नाव शोधताना माहेरचं नाव लागतं, हे विसरू नका. आमच्या पिढीपर्यंत लग्नात नावही बदलायचं, आडनावही. सासरच्या नावानं शोधत बसलात तर ती कुठल्याच जुन्या नोंदीत सापडायची नाही. माहेरच्या जिल्हा परिषद शाळेत अर्ज करा, जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना ही रजिस्टरं बऱ्याच शाळांतून कपाटाबाहेर निघाली, त्यामुळं शिक्षकांना ती कुठं आहेत ते आता माहीत असतं. रजिस्टरमध्ये जन्मतारीख १ जून दिसली तर तिच्यावर विसंबू नका. शाळेत घालताना वय बसावं म्हणून गुरुजी सरसकट १ जून लिहायचे. खरी तारीख हवी तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मिळतंय का पाहा. तिथं बहुतेक वेळा मुलीचं नाव नसतं, बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगी' असतं. तेवढ्यावर भावंडांच्या क्रमानं जुळवावं लागतं. खूप जुन्या नोंदी मोडीत असतात, वाचून देणारा जाणकार आधी गाठा.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे मंडळाचं इतिवृत्त आणि बचत गटाचं रजिस्टर. कर्जाच्या रकान्यात कुणाला शेळीसाठी, कुणाला शिलाई मशिनसाठी, आणि हप्ता थकला तिथं अक्काच्या अक्षरात 'मुदत दिली'. हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या दोन शब्दांत काय दिसतं, ते मी इथं लिहू शकत नाही. रजिस्टर मंडळाचं असतं, घरी आणू नका. तिथंच बसून, अध्यक्षांना विचारून, पानांचे फोटो घ्या, आणि लोकांच्या कर्जाच्या रकमा झाकून मगच कुठं वापरा.

भिजलेले फोटो

पूर पाहिलेल्या घरांत ट्रंकेतले फोटो एकमेकांना चिकटलेले सापडतात. ओढून सोडवू नका. अजून ओले असतील तर स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवा, आपोआप सुटतात तेवढे सोडवा, आणि चित्राची बाजू वर करून सावलीत सुकवा. ऊन नको, केस वाळवायचं यंत्र नको. लगेच वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी धरत नाही, आणि सवडीनं थोडे थोडे काढा. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, रंग वाहून जातो. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर त्याच्याखाली दात साफ करायचा बारीक दोरा सरकवत न्या. तरीही नाही निघाला तर पानासकट स्कॅन करा.

लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावा, पुढं मोठा करता येतो. मंडळाच्या गटफोटोवर बटर पेपर ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढा, आकडे घाला, आणि तो कागद घेऊन म्हाताऱ्या बायकांकडं जा. मूळ फोटोवर पेन चालवायचं नाही, मागं लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, कडेला.

जे छापायचं नाही

अक्का कितीतरी बायकांबरोबर पोलीस ठाण्यात गेली, कोर्टात पोटगीच्या तारखांना बसली. ही तिच्या आयुष्यातली मोठी कामं. पण त्या गोष्टी त्या बायकांच्या आहेत. आम्ही एकही नाव छापलं नाही, आद्याक्षरही नाही, गल्लीही नाही. लहान गावात 'दोन मुलींची आई' एवढ्यावर माणूस ओळखू येतं. ज्या हयात आहेत त्यांना मजकूर वाचून दाखवला. एकीनं सांगितलं, काढा; काढला. एकीनं सांगितलं, माझं नाव घाला. तिला आम्ही मुलांशी बोलायला वेळ दिला, आणि शेवटी नाव न घालता तिचं म्हणणं तिच्या शब्दांत घातलं.

घरातल्या कटकटी मात्र झाकू नका. लुना घेतली तेव्हा अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, बरेच दिवस बोलणं टाकलं होतं. भावाचं म्हणणं, हे छापलं तर अण्णांना कमीपणा येईल. मी म्हटलं, मग अण्णांचं पुढचंही छापू. पावसात लुना बंद पडली तेव्हा ढकलत आणायला तेच गेले होते, आणि नंतर पेट्रोलचा डबा त्यांनीच आणून ठेवला. दोन्ही छापलं. माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरला ती घरी नव्हती, दुसऱ्याच कुणाच्या मुलीला घेऊन मिरजेला दवाखान्यात होती, तेही मी लिहिलं. मला त्याचा फार राग होता आणि अजून थोडा आहे. ज्यांच्या आया गावाच्या असतात त्यांच्या घरी हे असतंच, आणि नातवंडांना ते कळलं पाहिजे.

नातवंडांचं काम

नातवंडांकडून निबंध मागू नका. आजीच्या घराचा नकाशा काढायला सांगा: कुठं काय ठेवलेलं असायचं, कुठल्या पायरीवर बसायचं, कुठं जायला बंदी होती. माझ्या भाचीनं काढलेला नकाशाच पुस्तिकेच्या मधल्या पानावर आहे. मग त्यांना जागा दाखवायला न्या. आम्ही दर हिवाळ्यात एक दिवस ठरवलाय. एका वर्षी औदुंबर, एका वर्षी सागरेश्वरची टेकडी, मुलं मोठी झाली की वासोटा. गाडीत आजीचे आवाजातले निरोप लावतो.

कृष्णेत मात्र कुणाला उतरवत नाही. औदुंबर, भिलवडी, अंकलखोप या पट्ट्यात आता मगरी आहेत, माणसांवर हल्ले झाले आहेत. पोहणं सगळ्यांना यायलाच हवं, ती आजीची अट आहे. ते तलावात शिकवतो, शिक्षक ठेवून.

छपाई

पिन मारून बांधायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत बसवा: ३२, ३६, ४०. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, वाचणारे चष्म्याचे असतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असतो आणि बऱ्याच छापखान्यांत जुने फॉन्ट चालतात. बदलताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात, म्हणून मुद्रित आल्यावर एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ प्रतीवर बोट ठेवून तपासायचं. शेवटी दोन-तीन आखलेली कोरी पानं सोडा, लोक त्यावर आपलं लिहितात.

अक्काच्या वयाच्या कितीतरी मैत्रिणींना वाचता येत नाही. त्यांच्या हातात नुसती पुस्तिका देऊन काय होणार? म्हणून देवळाच्या ओवरीत बसून ती सगळी वाचून दाखवा, सवडीनं, संध्याकाळी. त्या मधेच थांबवतील, "असं नव्हतं गं" म्हणतील, भर घालतील. तेव्हा फोन टॉवेलवर चालू असू द्या.

प्रती वाटताना नातेवाइकांआधी मंडळाची, बालवाडीची, गावच्या वाचनालयाची आणि माहेरच्या शाळेची प्रत बाजूला काढा. पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो धूसर होत नाहीत. शाळेत प्रत द्यायला स्वतः जा, ती कुठल्या कपाटात ठेवतात ते बघा, आवक नोंदवहीत नोंद करायला लावा आणि पोच घ्या.